वर्गात पेंगतात, रात्री दोनला ऑनलाइन असतात! मीडियाचा पहिला पेपर शिकवू कसा?

निंबोणी | सोमवार, रात्री 10:12

मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. मूळ विषय मराठी. यंदा बी.ए. प्रथम वर्षाला 'माध्यमांची ओळख' असा पेपर आला आणि जे कुणालाच नको ते सीएचबीवाल्याला, या न्यायाने माझ्या गळ्यात पडला. पटावर 64 जण. येतात तीसेक. कापूस वेचणी लागली की बाराच उरतील, हे आत्ताच सांगून ठेवते.

परवा फळ्यावर संदेश कसा पोचतो याची शॅनन-वीव्हरची आकृती काढली. प्रेषक, संदेश, मार्ग, ग्राहक आणि मध्ये नॉइज, म्हणजे व्यत्यय. वळून बघते तर दुसऱ्या बाकावरचा एक जण बसल्याबसल्या झोपलेला. आता गंमत बघा. याच पोराची रील मी पोळ्याच्या रात्री पाहिली होती. बापाचा हात बैलाच्या शिंगाला रंग लावतोय, मग घुंगरमाळ, मग बैलाचा डोळा अगदी जवळून, आणि बैल मान झटकतो बरोब्बर तिथेच हलगीचा ठेका. तासाला हा तोंड उघडत नाही. पण बैल मान कधी झटकणार हे ओळखून कट कुठे मारायचा, हे त्याला शिकवलं कुणी?

तर प्रश्न असा, की सोशल मीडिया हाताशी धरून हा पेपर कुणी शिकवलाय का? ग्रुपवर पीडीएफ टाकणे हे मी शिकवण्यात धरत नाही. अडचणीही सांगते. आवारात मोबाइलबंदीची नोटीस आहे. निम्म्या मुलींकडे स्वतःचा फोन नाही, भावाचा किंवा बापाचा. आणि वर्गात रेंज येते ती फक्त खिडकीजवळच्या बाकावर. त्या बाकासाठी भांडणं होतात.

कापूसकोंडा | 10:31

माह्या टायमाले बी त्याच बाकासाठी मारामाऱ्या होत मॅडम. फक्त तवा खिडकीतून रेंज येत नोती, पोरीइची शाळा दिसे. हलके घ्या.

जुना वार्ताहर | 10:58

माझं मत स्पष्ट आहे: रील वगैरे नंतर, आधी चार ओळी सरळ लिहायला शिकवा. कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. हे षट्ककार पक्के झाले की माध्यम कुठलंही येऊ द्या.

नव्वदच्या दशकात मी तालुका वार्ताहर होतो. बातमी हाताने लिहायची, पाकिटात घालायची आणि जिल्ह्याला जाणाऱ्या संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'बातमी, तातडीची'. डेस्कवर जागा कमी पडली की बातमी खालून कापत. वाचत बसायला वेळ कुणाला? मी एकदा एका विहिरीच्या अपघाताची बातमी गोष्टीसारखी रंगवून लिहिली. सकाळ कशी उजाडली, बैल कसे निघाले वगैरे. माणूस गेल्याचं शेवटच्या परिच्छेदात. दुसऱ्या दिवशी छापून आलं की अमुक शेतकरी सकाळी बैल घेऊन वावरात निघाले. बस, तिथेच बातमी संपली! लोक मला विचारायचे, 'मग, पोचले का?'

उलटा पिरॅमिड, म्हणजे महत्त्वाचं सगळ्यात आधी, मला पुस्तकाने नाही, त्या कात्रीने शिकवला.

रीलबाज_20 | 11:09

काका एक नंबर किस्सा 😂 पण आमचं पण तेच आहे ना. पहिल्या तीन सेकंदात पकडलं नाही तर अंगठा वर. तुमच्याकडे डेस्कवाला खालून कापायचा, आमच्याकडे बघणारा कापतो. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, आम्हाला असं जोडून कुणी सांगितलंच नाही. डायरेक्ट व्याख्या लिहून दिल्या.

जुना वार्ताहर | 11:15

अंगठ्याची कात्री. हे मला सुचायला हवं होतं.

वर्धेकरीण | मंगळवार, सकाळी 7:20

निंबोणीताई, मी हा प्रयोग केलाय आणि तोंडावर आपटलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

तीन वर्षांपूर्वी मीही उत्साहाने प्रत्येकाला इन्स्टावर खातं काढायला लावलं. विषय 'माझं गाव' आणि दहापैकी चार गुण लाइक्सवर ठेवले. माझी ही घोडचूक. एकाने गौतमी पाटील स्टाइल नाच टाकला, त्यात गाव कुठे तर मागे पाण्याची टाकी दिसते तेवढं. चार हजार लाइक्स. एका मुलीने आईच्या निंदणीच्या मजुरीचा हिशेब सांगितला होता, शांत आवाजात, कागदावर आकडे लिहीत. तिला 31 लाइक्स. त्यातले सहा वर्गातलेच. मी दिलेल्या नियमाने तिला त्या चारांत शून्य पडत होतं. ती काही बोलली नाही. पुढच्या तासाला आली नाही, एवढंच.

त्या दिवसापासून लाइक्स हा गुण देण्याचा विषय नाही, अभ्यासाचा विषय आहे. आता मी विचारते, की याला चार हजार का आणि तिला 31 का? गाणं चालू ट्रेंडमधलं होतं का? पहिला चेहरा किती सेकंदाला दिसतो? एकच शब्द पाच फोनवर शोधायला लावते. 'कापूस' टाकलं की एकाला भाव दिसतात, एकाला औषधांच्या जाहिराती, एकाला गाणी. मग पोरं आपणहून विचारतात, मॅडम असं का? तिथून अल्गोरिदमवर, म्हणजे कुणाला काय दाखवायचं हे ॲप कसं ठरवतं यावर, दीड तास जातो आणि कुणी पेंगत नाही.

फोनचं म्हणाल तर पाच जणांत एक फोन. फोन ज्याचा, त्याने त्या दिवशी फक्त लिहायचं. फोन हातात घ्यायचा दुसऱ्याने. हा नियम जरूर करा, नाहीतर फोनवाला साहेब होतो आणि बाकीचे शिपाई.

सायमाय | 8:05

वर्धेकरीण, त्या 31 वालीचं पुढे काय झालं?

वर्धेकरीण | 8:40

महिनाभराने आली परत. वेचणीला गेली होती म्हणाली. खरं-खोटं तीच जाणे. मी वर्गासमोर माफी मागितली, नियम बदलला. यंदा पदवी झाली तिची.

लेकीचा बाप | 9:33

मी शिक्षक नाही, वाशिम जिल्ह्यातला शेतकरी आहे. पालक म्हणून लिहितो, राग मानू नये.

माझी मुलगी बी.ए.ला असताना तिच्या वर्गाचा असाच ग्रुप काढला. 80 जणांना तिचा नंबर दिसला. आठ दिवसांत रात्री फोन सुरू झाले. कोण, कुठला, पत्ता नाही. घरात काय झालं असेल तुम्ही समजू शकता. सिम बदललं. नंतर फोनच काढून घेतला, मीच घेतला, आज त्याचं वाईट वाटतं. कॉलेज तेवढं सुटू दिलं नाही, पण सुटायची वेळ आली होती. आमच्याकडे अशी भानगड झाली की पोरीचं शिक्षण आधी थांबते, चौकशी नंतर होते. तुमचा प्रयोग चांगला असेल. त्याची किंमत कोण मोजते ते आधी पाहा.

निंबोणी | 9:50

दादा, राग कशाचा. हेच मला आधी कळायला हवं होतं. माझ्या डोक्यात पहिली पायरी व्हॉट्सॲप ग्रुप हीच होती.

सर्किट | 10:14

ग्रुपऐवजी चॅनेल काढा. फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मात्र चॅनेल एकतर्फी असतं, पोरं फारतर इमोजी टाकतील. चर्चा वर्गातच करा. आणि इन्स्टावर वैयक्तिक खाती नकोतच. वर्गाचं एकच खातं, पासवर्ड तुमच्याकडे, आठवड्याला एक गट संपादक. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू ठेवा, नाहीतर दिवाळीपर्यंत ते खातं हॅक होऊन गॉगल विकायला लागेल.

काळा कोट | 11:40

दोन गोष्टी. प्रथम वर्षाला काही मुलं साडेसतरा वर्षांची असतात. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या आतलं म्हणजे बालक. चेहरे, नावं टाकताना पालकांची लेखी संमती घ्याच.

दुसरं, अभिव्यक्तीवर एखादा तास असेल तर पालघरपासून सुरुवात करा. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून तिथल्या दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. ज्या कलमाचा आधार घेतला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 ला रद्द केलं. पण कलम गेलं म्हणून रान मोकळं झालं असं पोरांना सांगू नका. बदनामीचा कायदा आहे तिथेच आहे.

खराटा | दुपारी 1:02

इंटरॅक्टिव्ह इंटरॅक्टिव्ह काय करता. शेंडगावच्या माणसाने ते आधीच करून ठेवलंय. गाडगेबाबा कीर्तनात नुसते सांगत नसत, विचारत. समोरचे हजारो लोक उत्तर देत. ना माइकची गरज, ना पीपीटीची. मास्तर लोकांनी प्रश्न विचारणं सोडलं तिथून पोरं पेंगायला लागली.

सायमाय | 1:10

+1. पण बाबांना अंतर्गत मूल्यमापनाचे तक्ते भरावे लागत नव्हते.

आलूभात | 3:25

नॉइजवरून आठवलं. माझा पुतण्या दर्यापूर बाजारातले भाव सांगणारे व्हिडिओ टाकतो. एकदा म्हणाला, 'आज सांबार दहा रुपये जुडी.' खाली पुण्या-मुंबईच्या कॉमेंट्स: सांबार जुडीने कसा देतात? इडली कितीला? पार्सल मिळेल का? शेवटी एका अमरावतीवाल्याने लिहिलं, अहो कोथिंबीर, कोथिंबीर!

निंबोणी | 3:41

आलूभात, हा किस्सा उद्या वर्गात सांगते. शॅननचा नॉइज तारेतला, तो टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला इंजिनियर. 1949 च्या पुस्तकात वीव्हरने शब्दार्थाच्या गोंधळाचा मुद्दा जोडला. मी दोन तास हे समजावत होते. दहा रुपयांच्या सांबारात झालं असतं.

सदाशिव | 4:15

मुद्दा चांगला आहे, पण यावर उपाय प्रमाण मराठी हाच ना? पत्रकारिता शिकणारी मुलं जर 'करून रायला' असं बोलत व्हिडिओ करणार असतील तर त्यांना पुढे कोण नोकरी देणार?

कापूसकोंडा | 4:22

कोनाले पायजे नोकरी, आमी तं धंदा करून रायलो भाऊ.

रीलबाज_20 | 4:30

सदाशिव सर, माझ्या वऱ्हाडी रील्सना प्रमाणवाल्यांच्या तिप्पट बघणारे आहेत. उलट प्रमाणमध्ये बोललो तर गावची माणसं म्हणतात, काऊन बे, तब्येत बरी नाई का?

जुना वार्ताहर | 5:47

सदाशिवराव, ज्या गावात मराठीतलं आद्य गद्य लिहिलं गेलं ते रिद्धपूर आमच्या अमरावती जिल्ह्यात आहे. चक्रधरांच्या आठवणी गोळा करायला म्हाइंभट ज्यांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन विचारत होता. तेराव्या शतकात! मी तर त्याला आमच्या धंद्यातला मूळपुरुष मानतो. लोक जसं बोलले तसं त्याने ठेवलं. 'दर्पण' आला 6 जानेवारी 1832 ला, म्हणून आपण तो पत्रकार दिन करतो, ते ठीकच. पण निंबोणीबाई, तुमच्या पोरांना रिद्धपूरही सांगा. बसने जाता येतं.

बातमीचा मजकूर प्रमाणात, माणसाच्या तोंडचं वाक्य त्याच्या बोलीत. हा नियम मी तीस वर्षं पाळला.

सदाशिव | 6:03

हे पटलं. शेवटची ओळ विशेष.

झाडीपट्टी | रात्री 9:18

गडचिरोलीतल्या वडशाहून लिहितोय. तुम्ही सगळे सोशल मीडिया म्हणजे इन्स्टा नि व्हॉट्सॲप धरून बसलात. आमच्या शेजारी छत्तीसगडात 2010 मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू झालं. साध्या फोनवरून नंबर लावायचा, आपली बातमी आपल्या भाषेत, गोंडीतसुद्धा, बोलून ठेवायची. तिकडे ती तपासून घेत, मग बाकीच्यांना फोनवरच ऐकता येई. इंटरनेट नको, लिहिता-वाचता यायला नको. फोन नसलेल्या पोरींचा प्रश्न आहे ना? मग आवाजावर काम द्या. आजीची दोन मिनिटांची मुलाखत कुणाच्याही फोनवर रेकॉर्ड होते आणि चेहरा दाखवायचं संकट नाही.

आणि दिवाळीनंतर पोरांना घेऊन आमच्याकडे या. झाडीपट्टीच्या नाटकांची जाहिरात आधी पत्रकं नि भोंग्यावर चालायची, आता मोबाइलवरही चालते. रात्रभर नाटक बघा, सकाळी कंपनीवाल्यांना विचारा की तिकीट कशाने खपतं. मीडियाचा अर्धा पेपर तिथेच होईल.

कापूसकोंडा | 9:26

अन् उरलेला अर्धा पेपर झोपेत.

भरीत_पुरी | 11:52

धागा हसतखेळत चाललाय, त्यात हे लिहावं की नाही असं झालं. मी धुळ्याकडचा. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्या दिवसांत देशभर जी क्लिप फिरत होती, ती मुळात कराचीतली, मुलांना जपा असं सांगणारी जाहिरात. मोटरसायकलवाला पोराला उचलून नेतो आणि शेवटी परत आणून सोडतो, पाटी दाखवतो. फिरणाऱ्या क्लिपमध्ये तो शेवट कापलेला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. ताई, तुमची आजची पोरं तेव्हा शाळेत असतील. त्यांना 'पाचलाच का जातं' हे विचारून बघा.

निंबोणी | बुधवार, पहाटे 5:40

विचारते. रात्रभर हेच डोक्यात होतं.

जुना वार्ताहर | सकाळी 6:30

मी परवा कात्रीचा किस्सा हसत सांगितला. इथे गप्प बसतो.

निंबोणी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी 4:05

मंडळी, धागा वर काढतेय. सांगण्यासारखं झालंय.

प्राचार्यांकडून आठवड्यातून एका तासापुरती मोबाइलची परवानगी मिळाली. लेखी! संमतीपत्रं 64 पैकी 41 आली, बाकीच्यांचे चेहरे नि नावं कुठेच नाहीत. वर्गाचं एक खातं, पाचात एक फोन, लाइक्सला गुण नाहीत.

पहिल्या तासाला 'पाचलाच का' विचारलं. एकाने सांगितलं, नेट वाचावं म्हणून. मग राईनपाडा सांगितलं. शेवट कापलेल्या क्लिपचंही सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. बैलाच्या रीलवाला म्हणाला, 'मॅडम, म्हणजे कट मारणाऱ्यानं मारलं.' मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. दुपारपर्यंत पुसलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने घरच्या ग्रुपातला एक फॉरवर्ड आणायचा होता. अकरा जणांनी एकच आणला: युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात पहिलं ठरवलं. असं काही युनेस्कोने कधीच ठरवलेलं नाही, हे शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. घरी जाऊन बापाला सांगायला मात्र एकालाही धीर झाला नाही. यावरच खरं तर वेगळा धागा काढावा लागेल.

आणि आता मुख्य. गेल्या आठवड्यात तालुकाभर मेसेज फिरला, 'उद्यापासून संध्याकाळची बस कायमची बंद.' माझ्या वर्गातले सतरा जण त्याच गाडीने जातात. मी एका गटाला म्हटलं, फॉरवर्ड करू नका, जाऊन विचारा. चौघं वही घेऊन बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाकडे गेले. तर पावसाने मधल्या नाल्यावरच्या पुलाचा भराव खचलेला. गाडी बंद नाही, फाट्यापर्यंतच जाणार, तीही अर्धा तास आधी. गटातल्या एका मुलीकडे फोन नाही. तिने वहीचं पान फाडून निळ्या पेनाने सात ओळी लिहिल्या. वेळ, कारण, कुठपर्यंत, कुणी सांगितलं. खाली स्वतःचं नाव, वर्ग. नाव टाकू का, हे वडिलांना विचारून आली होती. आणि ते पान स्थानकाच्या खांबावर डकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान माझ्या फोनवर आलं. कुणीतरी फोटो काढला होता. दुपारपर्यंत पाच गावांच्या ग्रुपांतून फिरून ते वर्गातल्या पोरांच्या फोनवर परत आलं. जुनी अफवा त्याने मोडली. पोरं उड्या मारत होती, 'व्हायरल, व्हायरल!' ती मात्र फोनच्या पडद्याकडे बघत बसलेली. म्हटलं काय झालं? म्हणाली, 'मॅडम, खालचं नाव कापलं.'

बघितलं तर खरंच. फोटो सातव्या ओळीच्या खाली कापलेला.

रीलबाज_20 | 4:20

😶

जुना वार्ताहर | 4:48

माझ्या पहिल्या चार वर्षांच्या बातम्या 'आमच्या वार्ताहराकडून' म्हणून छापल्या. आई मला म्हणायची, यात तू कुठे आहेस? त्या पोरीला सांगा, पुढच्या वेळी नाव पहिल्या ओळीत घे. 'अमुकने नियंत्रकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले...' मग कापता येत नाही.

निंबोणी | 4:55

वा! उद्याच सांगते. श्रेय, स्रोत आणि बायलाइनचा (बातमीवरच्या नावाचा) अख्खा तास तिने आयता करून दिलाय.

लेकीचा बाप | 5:30

तिच्या वडिलांनी काय म्हटलं?

निंबोणी | 5:37

दादा, ते पान त्यांनीच खांबावरून काढून घरी नेलं. दरवाजाच्या आतून चिकटवलंय म्हणे. त्यावर नाव आहे.

वर्धेकरीण | 6:10

गुण किती दिलेत?

निंबोणी | 6:14

दहापैकी नऊ. 'कारण' तिसऱ्या ओळीत हवं होतं, पाचवीत आलं.

कापूसकोंडा | 6:40

सगळं झालं मॅडम, पन मुद्द्याचं कोनी इचारूनच नाई रायलं. बस सुरू झाली का?

निंबोणी | 6:52

नाही हो. भराव टाकताहेत अजून. पोरं फाट्यावरून तीन किलोमीटर पायी जातात, शेवटच्या तासाला मी त्यांना वीस मिनिटं आधी सोडते.